वाऱ्याचं घड्याळ

भाद्रपद वद्य षष्ठी. आठवडाभराच्या मळभानंतर आज कडक ऊन पडलं, म्हणून डब्यातली ज्वारी गच्चीवर जुन्या धोतरावर पसरली आणि चिमण्या हाकत पायरीवर बसले आहे. या दिवसांत ज्वारीला ओल धरते. उन्हात घातली नाही तर महिन्याभरात जात्याची गरज उरत नाही, कीडच पीठ करून ठेवते. इथं सांगलीच्या विश्रामबागेत आता गच्चीवर धान्य पसरणारी मी एकटीच असेन. सून म्हणते, "आई, लागेल तशी दुकानातनं आणू की, कशाला हा उन्हाचा कुटाणा?" तिचं बरोबर आहे, पण मी ऐकत नाही. खाली रेडिओ चालू आहे. बातम्यांच्या शेवटी सांगितलं की बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे, दोन-तीन दिवसांत इकडे पाऊस होईल. हे वाक्य मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी मला आमचा तात्या आठवतो. आज हातात राखणीशिवाय काम नाही, तेव्हा लिहून टाकते. एकदा लिहायचंच होतं.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. घर माळवदाचं, म्हणजे वर कौलं नाहीत, लाकडांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात त्यावर झोपायचं आणि आषाढात आत बसून वरचा वारा ऐकायचा. लोक पावसाचा आवाज लहानपणाशी जोडतात. आमच्या लहानपणाला वाऱ्याचा आवाज होता. मावळतीकडून तो सुटला की दीड-दोन महिने थांबायचा नाही. चुलीतला धूर घरभर फिरायचा, पिठात माती यायची, दोरीवरचं लुगडं शेजारच्या बाभळीवर जाऊन बसायचं. आणि डोक्यावरून ढग पळायचे. काळे, भरलेले दिसणारे, अगदी हाताला येतील असे ढग दिवसच्या दिवस उगवतीकडे धावायचे आणि आमच्या रानात थेंब टाकायचे नाहीत. आई दारात उभी राहून म्हणायची, "चालली बघ वऱ्हाडं पुढच्या गावाला. आपल्या दारात पानी प्यायलाबी थांबायची न्हाईत." आमचा खरा पाऊस गणपती उठल्यानंतरचा. दसऱ्याच्या आगेमागे उगवतीकडून गडगडत यायचा, कधी चार दिवस कोसळायचा, कधी यायचाच नाही. त्याच्या ओलीवर शाळू पेरायचा, म्हणजे रब्बीची पांढरी ज्वारी, आणि तिच्यावर वर्ष काढायचं.

रोजचं खाणं म्हणजे बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, म्हणजे पातळ पेज, आणि मिळेल तो पाला. माडगं मला आवडायचं नाही, अजूनही आवडत नाही. गरिबीतलं सगळंच गोड होतं असं म्हणणाऱ्यांनी ते दोन महिने ओळीनं पिऊन बघावं. शाळूची भाकरी मात्र खरोखर गोड होती. आमच्या घरचा शाळू आईनं माहेरून आणलेला. तिचं माहेर आटपाडीच्या बाजूला. लग्नात तिच्या आईनं ओटीत तांदळाऐवजी शाळूचं बी घातलं होतं, कारण घरात देण्यासारखी चांगली चीज तीच होती. दाणा टपोरा, मोत्यासारखा, कणीस आवळ मुठीसारखं, आणि भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ. पुढं माहेरची माणसं दुष्काळाला कंटाळून सांगलीकडे हळदीच्या कामाला गेली, रान पडीक पडलं, आणि ते बी फक्त आईकडे राहिलं. काढणीच्या आधी ती उभ्या पिकातून एकटीच फिरायची. कमरेला जुन्या लुगड्याच्या चिंध्या खोवलेल्या असायच्या. मनाला आलेल्या कणसाला एक चिंधी बांधायची. चिंध्यांची कणसं वेगळी खुडायची, वेगळी झोडपायची, राखेत आणि लिंबाच्या पाल्यात घोळून शेणानं सारवलेल्या कणगीत भरायची. त्या कणगीला हात लावायची मला परवानगी नव्हती. वडील मुंबईला गिरणीत होते, वर्षातून एकदा यायचे, त्यांनाही नव्हती.

दुसरी मोठी लढाई संपली आणि वडिलांचा धाकटा भाऊ, आमचा तात्या, पलटणीतून सुटून घरी आला. आमच्या भागातली घरटी एक-दोन माणसं पलटणीत होती, त्यामुळं माणूस परत येणं हेच मोठं होतं. तात्या बोटीतून समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या काठापर्यंत जाऊन आला होता. बरोबर एक पत्र्याची ट्रंक, दोन घोंगड्या, एक तामचिनी मग आणि फडक्यात गुंडाळलेलं एक पितळी यंत्र. लहान भाकरीएवढं, काचेचं तोंड, आत एक काटा आणि कडेनं इंग्रजी अक्षरं. मुंबईच्या जुन्या बाजारात त्यानं ते घेतलं होतं. मधल्या खांबाला त्यानं खिळा ठोकला आणि ते टांगलं. शेजारची हौसाकाकू लगोलग बघायला आली. तिला कुणाच्याही घरची नवी वस्तू स्वतःच्या घरी आल्यासारखी वाटायची.

"घड्याळ म्हनावं तर काटा एकच?" ती म्हणाली. "दुसरा वाटंत पडला का काय भावजी?"

"घड्याळच हाय काकू, पर वाऱ्याचं. बोटीवर असलंच टांगलेलं असतंया. काटा खाली आला की बोटीवरची मानसं धावाय लागायची, दोर बांध, झाकनं लाव. आमी म्हनायचो, आभाळ तर निरभ्र हाय. आन् रातीत असं वादाळ यायचं की पोटातलं आतडं तोंडात. एकदा न्हाई, चार येळा बघितलंय म्या."

"मंग आता काय म्हनतंय ते?"

तात्यानं काचेवर बोट टेकवलं. "ह्यो चेंज, ह्यो रेन, आन् हे स्टॉर्मी म्हंजी वादाळ. काटा बघा कुठं हाय. वादळाच्याबी खाली."

हौसाकाकू बाहेर जाऊन आभाळ बघून आली. आभाळात काही नव्हतं. "येतंय वाटतं चालत," ती म्हणाली आणि हसत घरी गेली.

तात्या वेडा नव्हता, हे आधी सांगते, कारण पुढं गावानं त्याला तसंच ठरवलं. त्याच्याइतकं नीट समजावून सांगणारा माणूस मी नंतर कॉलेजातही फार पाहिला नाही. एका सकाळी आई चुलीवर हुलगे शिजवत होती आणि मी विचारलं, तात्या, ढग आपल्यावरून पळतात आणि पडत का नाहीत? त्यानं उठून परात घेतली, गार पाण्यानं विसळून कोरडी पुसली आणि उकळत्या मडक्याशेजारी तिरकी धरली. वाफ परातीला लागली, थेंब जमले आणि मडक्याच्या बाजूनं ओघळायला लागले.

"ह्यो पाचगनी-म्हाबळेश्वरचा डोंगूर," तो म्हणाला. "आन् ह्यो दर्यावरचा वारा. आता परातीच्या मागल्या अंगाला हात लाव. हाय का काय?"

मी हात लावला. मागची बाजू कोरडी होती.

"तितं आपुन ऱ्हातुया. डोंगूर चढताना वारा सगळं सांडतोय आन् रिकामा हून आपल्याकडं उतरतोय. पलटनीत जायच्या आधी म्या पाचगनीला शाळंत पानी भरत हुतो. चार म्हैनं घोंगडं वाळलं न्हाई. आन् हितं दोन दिसांच्या वाटंवर धुरळा."

मग त्यानं समुद्राचं सांगितलं. आफ्रिकेच्या काठाशी भर उन्हाळ्यात पाणी बर्फासारखं गार लागतं. वारा वरचं पाणी ढकलून नेतो आणि तळाचं गार पाणी वर येतं, असं त्याला बोटीवरच्या एका माणसानं सांगितलं होतं. तोच वारा पुढं मधल्या कोमट समुद्रावरून येतो, आणि कोमट पाण्यावरून येताना पीत पीत येतो. "त्यो दर्या आपला न्हाईच वैनी. त्यो कोकनाचा. आपला पाऊस उगवतीच्या दर्याचा, मद्रासकडचा. तितं वादाळ उठतंय आन् त्याचं श्यापूट आपल्यापातूर येतंय."

आई परात हिसकावून घेत म्हणाली, "म्हंजी सख्खा दर्या सोडून आमच्या वाटनीला सावत्र आला म्हना की. आनि परात ठिवा खाली. पीठ मळायचंय."

पण ती हसत होती. घरात बाईमाणसाला काहीतरी समजावून सांगणारा पुरुष तिनं तोपर्यंत पाहिला नव्हता. वडील आले की मुंबईच्या महागाईबद्दल बोलायचे आणि झोपायचे. तात्या तिला विचारायचा, तिचं ऐकायचा. त्यानं सांगितलेलं खरंच होतं, हे तिलाही कळत होतं. ढगांच्या वऱ्हाडांचं कारण तिला जन्मात पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं, आणि ते परातीवर दाखवलं होतं. आज मला वाटतं, तो थोडा कमी बरोबर असता तर बरं झालं असतं.

पेरणीचे दिवस जवळ आले तसा तात्या खांबापासून हलेना. काटा वादळाच्या खाली होता तो तिथंच. शिवाय रोज दुपार कलली की तो आणखी केसभर उतरायचा आणि सकाळी पुन्हा जरा वर असायचा. "दम घेतंय," तात्या म्हणायचा. "रोज एक पाऊल फुडं टाकतंय आन् दम घेतंय." मुंबईहून येतानाचं तो परत परत सांगायचा. मुंबईत काटा चेंजवर होता. गाडी घाट चढायला लागली आणि तो मांडीवरच्या यंत्राकडे बघत राहिला, तर काटा डोळ्यांदेखत खाली. पुण्याला खाली, तिथून इकडच्या गाडीत बसला तर आणखी खाली, पुसेगावच्या मोटारीत तसाच. "जसा जसा गावाकडं आलो तसा तसा उतरत ग्येला. म्हंजी वादाळ हिकडंच हाय. आपल्याच रानावर हाय." सांगताना त्याचे डोळे चमकायचे. बोटीवर ज्या काट्यानं त्याला घाबरवलं होतं, तोच आता त्याच्या गावाला पाऊस देणार होता.

मग एका सकाळी त्यानं आईला धूळपेर करायची म्हणून सांगितलं. धूळपेर म्हणजे पावसाची वाट न बघता कोरड्या मातीतच बी टाकायचं. बाजरीची अशी पेर कुणी कुणी करायचं, पण शाळूची आमच्याकडं कुणीच करत नसे. शाळू ओलीवरच पेरायचा. तात्याचं म्हणणं होतं की एवढं मोठं वादळ आलं तर काळ्या रानात पंधरा दिवस पाय ठरणार नाही. वाफसा यायला, म्हणजे माती पेरण्याजोगी व्हायला, हंगाम निघून जाईल. बी आधीच मातीत असेल तर पहिल्या थेंबापासूनची सगळी ओल त्याची.

"निम्मं पेरू," आई म्हणाली. "निम्मं कनगीत ऱ्हाऊ द्या भावजी."

"निम्मं रान मोकळं ठिवून काय करायचं वैनी? वादाळ काय निम्मं येनार हाय?"

"बी माज्या आयचं हाय."

"म्हनून तर सगळं पेरा म्हनतुया. असला पाऊस परत कवा घावायचा? कनगीतलं बी खाऊन संपतंय, रानातलं बी वाढतंय."

आई बराच वेळ कणगीजवळ बसून राहिली. झाकण काढलं, हात आत घातला, मूठ वर आणून दाणे परत आत सोडले. मी दारात उभी होते. मला वाटलं, ती नाही म्हणेल. ती नाही म्हणाली असती तर तात्यानं ऐकलंही असतं. तो हट्टी होता, दांडगा नव्हता. पण ती उठली आणि म्हणाली, "सुंदरे, पाट्या आन." एवढंच. का दिलं, हे मी तिला पुढं मोठेपणी एकदाच विचारलं. ती म्हणाली, "मला एवढं कुनी सांगितलंच नव्हतं ग कवा." मी पुन्हा विचारलं नाही.

पेरणीला आमच्याकडं बैलांमागं पाभर असते आणि तिच्यावर लाकडी चाडं, म्हणजे भोकं पाडलेली वाटी. त्यातून नळ्यांतून बी मातीत जातं. चाड्यावर मूठ बाईनं धरायची. आई त्या दिवसभर धुरळ्यात चालत मुठीमागून मूठ सोडत होती आणि तिच्या पापण्यांवर, ओठांवर मातीचा थर बसला होता. बांधावरून जाणारे थांबायचे. कुणीतरी ओरडलं, "तात्या, पावसाच्या आधीच येरवाळी उठलास की रं! पावसाला आवतान धाडलंस का?" तात्यानं हात वर करून उगवतीकडे दाखवलं. संध्याकाळी कणगी उलटी करून अंगणात ठेवली. आतून राखेचा वास येत होता.

त्यानंतर उन्हं पडत राहिली. मुंग्यांनी रानात रांगा लावल्या. त्यांच्या बिळांच्या तोंडाशी आमच्या शाळूची टरफलं साठायला लागली. मी शाळा बुडवून दिवसभर पाखरं हाकत होते. मग एका दुपारी ढगाचा एक तुकडा आला आणि धुरळा बसण्यापुरता शिंतोडा पडला. तात्या अंगणात उघड्या अंगानं उभा राहिला. मला अजून त्याची पाठ दिसते, तिच्यावर थेंबांचे काळे ठिपके. "आला!" तो म्हणाला. पण तो तेवढाच होता. तो आला नसता तर बरं होतं, कारण तेवढ्या ओलीवर बी फुगलं आणि उगवलं. दोन-चार दिवसांत रानावर कोवळी हिरवी सुई दिसायला लागली. आई बांधावर बसून बघत राहिली. खाली कोरडं, वरून ऊन. पानं पिवळी पडली, मग पांढरी, मग बोटात धरली की चुरा. काटा वादळाखालीच होता.

गावाला बोलायला विषय मिळाला. हौसाकाकू भिंतीपलीकडून हाक मारायची, "आवं भावजी, तुमच्या घड्याळात पाऊस कवा वाजनार? आमाला निदान जेवनाचा टाइम तरी सांगा!" ती वाईट बाई नव्हती, पुढं ते दिसलंच. पण जीभ आवरायची नाही. तात्या सुरुवातीला उत्तर द्यायचा. मग देईनासा झाला.

शाळेत मी दिसेना म्हणून मास्तर घरी आले. ते साताऱ्याचे, नवीनच नेमणुकीवर आलेले, विशीतले. ते खांबाजवळ थांबले आणि काचेत बघू लागले. तात्या कोपऱ्यात दोर वळत होता. मास्तरांनी विचारलं, "हे कुठून आणलंत?"

"मुंबईस्नं."

"मुंबईत काटा कुठं होता?"

"चेंजला."

"आणि पुण्यात?"

"खाली. घाट चढलो तसा खाली आला."

मास्तरांनी काचेवर बोट टेकवलं आणि मागं घेतलं. त्यांना सांगायचं जिवावर आलं होतं, हे माझ्यासारख्या पोरीलाही दिसलं. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "तात्या, हवेला वजन असतं. समुद्राकाठी डोक्यावर हवेचा सगळा थर असतो. घाट चढलो की त्यातली बरीच हवा खाली राहते. वरचं वजन कमी झालं की काटा उतरतो. वादळात हवा हलकी होते तेव्हाही तो उतरतो. काट्याला दोन्ही सारखंच. हे यंत्र बोटीसाठी केलेलं आहे, आणि आपण इथं पुष्कळ उंचावर राहतो."

तात्याच्या हातातला दोर थांबला. त्याला एकदाच सांगावं लागलं. तो म्हणाला, "म्हंजी त्यो घाट हुता. वादाळ नव्हतं."

"हो."

"आन् दुपारचा उतरायचा त्यो?"

"तो रोजच थोडा उतरतो. सगळीकडे. वादळ असो नसो."

तात्या उठला. मला वाटलं, आता तो ते आपटणार. त्यानं खिळ्यावरून यंत्र काढलं, तोंड खांबाकडे केलं आणि पुन्हा टांगलं. मग मास्तरांना म्हणाला, "बसा मास्तर. च्या घ्या." आई आतून सगळं ऐकत होती. तिनं चहा केला, गूळ जरा जास्तच घातला, आणि कुणी कुणाकडे बघितलं नाही.

पाऊस आला तो दसरा होऊन गेल्यावर. उगवतीकडून, तात्या सांगायचा तसाच. दुपारी वारा पडला, उकाडा झाला, मद्रासच्या बाजूनं आभाळ काळं होत आलं आणि संध्याकाळी गडगडाटासह सुरू झालं ते तिसऱ्या दिवशी थांबलं. माळवद गळत होतं, आम्ही भांडी मांडत होतो. त्या दिवसांत काटा नक्कीच हलला असणार. त्याचं तोंड खांबाकडे होतं आणि कुणी बघितलं नाही.

पाऊस थांबला आणि सगळं गाव वाफशाची वाट बघत बी निवडायला बसलं. आमची कणगी अंगणात उलटीच होती. आईनं दाराकडे बघितलं. गेल्या वर्षी नवीन शाळू घरात आला तेव्हा पहिल्या कणसांचं तोरण दाराला बांधलं होतं, आमच्याकडं बांधतातच, आणि ते वर्षभर तसंच धुरकटून लोंबत होतं. तिनं माझ्याकडून पाट ठेवून घेतला, वर चढून तोरण सोडलं आणि पदरात घेऊन खाली बसली. कणसं वरून धड दिसत होती. तिनं एक तळहातावर चोळलं. दाणे फुटले आणि हातावर पीठ उरलं. दुसरं चोळलं, तेही तसंच. कीड आतून सगळं खाऊन कधीच निघून गेली होती. आईनं सगळी कणसं एकेक करून चोळली. मग पदर अंगणात झटकला आणि चुलीकडे गेली.

त्याच संध्याकाळी हौसाकाकू पाटीभर बी घेऊन आली. पाटी उंबऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "घे ग बाय. आमचं उरलंय." उरलेलं नव्हतं ते, सगळ्यांना माहीत होतं. "सकाळी वापसा हुतोय बघ. बैलं आमची न्या दुपारी, तुमची एकटी दमतील." घड्याळाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तात्या समोर बसला होता, त्याला म्हणाली, "भावजी, पाभरीचा खिळा सैल झालाय न्हवं, तेवढा ठोकून घ्या." तिचा शाळू बारीक, तांबूस. भाकरी त्याचीही होते.

तात्या पेरणीनंतर फार दिवस राहिला नाही. मुंबईला गोदीत कामाला लागला आणि पुढं तिकडेच वारला. शेवटच्या आजारात वडील जवळ होते, आम्ही नव्हतो. त्या वर्षी पिकलेलं पावसाळ्यापर्यंत पुरलं नाही म्हणून आई मला घेऊन सांगलीला मामांकडे आली, हळद शिजवायच्या कामाला, आणि त्यामुळं मला मोठी शाळा मिळाली, पुढं नोकरी मिळाली. हे त्या वर्षाचं देणं मी नाकारत नाही. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवताना एकदा मी ते यंत्र, गाव सोडताना खांबावरून काढून बरोबर आणलेलं, वर्गात दाखवायला नेलं. विज्ञानाच्या सरांनी ते हातात घेऊन उलटं केलं आणि म्हणाले, "बाई, हे भोक बघितलंत का? आत स्क्रू असतो. आपण जेवढ्या उंचीवर राहतो त्याप्रमाणे एकदा फिरवायचा, मग काही बघायला नको." त्यांनी खिशातल्या बारीक पेचकसानं तो फिरवला आणि काटा वादळातून निघून पावसावरून चेंजवर येऊन थांबला. अर्धं मिनिटही लागलं नसेल. मी पुढचा तास घेतला. परातीचा प्रयोग मी पुढं दर वर्षी वर्गात केला आणि मुलींना तो लगेच समजायचा. तात्याचं समुद्राचं, डोंगराचं, उगवतीच्या पावसाचं सगळं म्हणणं पुस्तकात तसंच होतं. गावात मात्र त्यानंतर ते कुणी त्याच्याकडून ऐकून घेतलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. आईच्या शाळूसाठी मी आटपाडीच्या बाजूला चौकशी करून बघितली. तसा दाणा कुणाकडे निघाला नाही.

ऊन उतरायला लागलं. ज्वारी गोळा करायला हवी. त्या सकाळचं तेवढं लिहिते आणि उठते.

हौसाकाकूची पाटी घेऊन आम्ही रानात गेलो तेव्हा फटफटत होतं. मातीतून वाफ येत होती आणि पाय टाकला की ती पायाला चिकटत नव्हती. वाफसा बरोबर आला होता. तात्यानं पाभर जुंपली. आई चाड्याजवळ गेली, पाटीतलं बी ओंजळीत घेऊन बघितलं आणि परत टाकलं. मला म्हणाली, "तू धर."

"मला न्हाई येत."

"मूठ सैल सोड. बी आपसूक जातंय." आणि ती मागं जाऊन उभी राहिली.

तात्यानं बैलांना हाक दिली. उगवतीला ढगांची एक पट्टी होती, पण तो खाली बघूनच चालला. मी चाड्यावर मूठ धरली आणि दिवस मावळेपर्यंत आमच्या रानात हौसाकाकूचा शाळू पेरला.